बॉम्बे रक्तगट ते मूत्रपिंडाचा क्रॉसमॅच: शरीर परके कसे ओळखते, याचा इतिहास

१/
१९५२ साली लंडनच्या ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले. त्याचे लेखक सात होते आणि त्यांतील पहिली तीन नावे मुंबईच्या डॉक्टरांची होती: वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया. मुंबईत काही माणसे अशी आढळली होती, की त्यांचे रक्त ज्ञात असलेल्या ए, बी, एबी आणि ओ यांपैकी कोणत्याही गटात नीट बसत नव्हते. ‘ओ’ गटाचे रक्त कोणालाही चालते, असे तेव्हा सर्वत्र मानले जाई. या माणसांचे रक्त मात्र ‘ओ’ गटाच्या पेशींनाही परके ठरवत होते.

२/
आज त्या रक्ताला जगभर ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणतात. त्याची गोष्ट बहुधा एक दुर्मीळ नवल म्हणून सांगितली जाते आणि तिथेच संपते. परंतु परळच्या प्रयोगशाळेत जो प्रश्न उभा राहिला, तोच पुढे दीड-दोन दशकांनी मूत्रपिंड प्रत्यारोपण करणाऱ्या शल्यविशारदांसमोर उभा राहिला. दिलेला अवयव उत्तम आहे, शस्त्रक्रिया निर्दोष आहे, तरी काही मिनिटांत तो अवयव मरतो. असे का होते? या प्रश्नाचे उत्तर अवयव घेणाऱ्याच्या रक्तात आधीपासून असते. ते वाचण्याची रीत कशी घडली, याचा हा इतिहास.

३/
आरंभ पुण्यापासून करावा लागतो. तिसऱ्या म्हैसूर युद्धात इंग्रज सैन्याचा कावसजी नावाचा एक गाडीवान टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याच्या कपाळावरची त्वचा खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याची हकीकत चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने या पद्धतीचा अभ्यास केला आणि १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. भारतातील ही विद्या सुश्रुतसंहितेइतकी जुनी आहे.

४/
या शस्त्रक्रियेतील एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कावसजीचे नाक त्याच्या स्वतःच्या कपाळाच्या त्वचेतून घडले होते आणि ती त्वचा काही काळ मूळ जागेशी जोडलेली ठेवली होती. दुसऱ्याची त्वचा लावली असती, तर ती काही दिवस टिकून मग गळून पडली असती. स्वतःची त्वचा रुजते आणि परक्याची गळते, हा अनुभव अनेक देशांतील शल्यविशारदांना पुढे वारंवार आला. त्याचे कारण मात्र विसाव्या शतकापर्यंत कोणालाच सांगता आले नाही.

५/
पहिला धागा व्हिएन्नात हाती लागला. १९०१ मध्ये कार्ल लँडस्टायनर यांनी आपल्या सहकाऱ्यांचे रक्त घेतले आणि प्रत्येकाच्या तांबड्या पेशी इतरांच्या सीरममध्ये मिसळून पाहिल्या. सीरम म्हणजे रक्त गोठल्यानंतर वर उरणारा पिवळसर द्रव. काही मिश्रणे जशीच्या तशी राहिली, तर काहींत पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके झाले. एक थेंब पेशींचा आणि एक थेंब सीरमचा, इतकीच ही परीक्षा होती. तिच्यातून रक्तगट निघाले आणि १९३० चे नोबेल पारितोषिक लँडस्टायनर यांना मिळाले.

६/
पेशींचे पुंजके कशाने होतात? पेशींच्या पृष्ठभागावर काही विशिष्ट रेणू असतात. त्यांना प्रतिजन म्हणतात. सीरममध्ये त्या रेणूंना चिकटणारी प्रथिने असतात. ती प्रतिपिंडे, म्हणजेच अँटिबॉडी. ‘ए’ गटाच्या माणसाच्या सीरममध्ये ‘बी’ विरोधी प्रतिपिंडे असतात, ‘बी’ गटाच्या माणसात ‘ए’ विरोधी आणि ‘ओ’ गटाच्या माणसात दोन्ही. ही प्रतिपिंडे तयार होण्यासाठी दुसऱ्याचे रक्त अंगात जावे लागत नाही. आतड्यातील जिवाणूंवर तशाच शर्करा असतात आणि बाळपणीच शरीर त्यांच्याविरुद्ध सज्ज होते. जी शर्करा स्वतःच्या पेशींवर नाही, ती परकी, हा त्यामागचा नियम.

७/
न्यूयॉर्कच्या रूबेन ओटनबर्ग यांनी १९०७ पासून रक्त देण्यापूर्वी दोघांच्या रक्ताची जुळणी करून पाहण्याचा प्रघात सुरू केला. हाच क्रॉसमॅच. रक्त ही देखील ऊतीच आहे आणि रक्तदान हे एका अर्थी प्रत्यारोपणच आहे. प्रतिपिंडांमुळे परकी ऊती नाकारली जाते, हे रक्तपेढ्यांना त्यामुळे फार लवकर समजले. अवयवांच्या बाबतीत हाच धडा नव्याने शिकावा लागला आणि त्याची किंमत रुग्णांनी मोजली.

८/
त्याचे आरंभीचे उदाहरण १९३३ चे आहे. युक्रेनमधील शल्यविशारद युरी व्होरोनॉय यांनी विषबाधेने मूत्रपिंडे निकामी झालेल्या एका तरुणीला मृत व्यक्तीचे मूत्रपिंड जोडले. मानवी मूत्रपिंडाचे माणसात झालेले हे पहिले प्रत्यारोपण. दाता ‘बी’ गटाचा होता आणि रुग्ण ‘ओ’ गटाची. तिच्या रक्तात ‘बी’ विरोधी प्रतिपिंडे जन्मापासूनच्या क्रमाने तयार होती. दोन दिवसांत ती दगावली. या अपयशाला इतरही कारणे होती, तथापि जुळणारा रक्तगट ही प्रत्यारोपणाची पहिली अट आहे, हे पुढच्या काळात निर्विवाद ठरले.

९/
आता परळ. सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालय या जोडसंस्था १९२६ मध्ये सुरू झाल्या. तेथील अध्यापक भारतीयच असावेत, अशी देणगीदारांची अट होती. वैद्यकीय शिक्षणातील वरच्या जागा गोऱ्या अधिकाऱ्यांकडे असण्याच्या त्या काळात ही अट म्हणजे स्वाभिमानाचा उच्चार होता. गिरणगावाच्या मधोमध असल्यामुळे देशाच्या सर्व भागांतून आलेली माणसे तिथे उपचारासाठी येत. इतक्या विविध रक्ताची तपासणी एका छताखाली होणे, ही संशोधनाच्या दृष्टीने मोठीच संधी होती.

१०/
रक्तगट दोन बाजूंनी तपासतात. आधी रुग्णाच्या पेशी ज्ञात सीरममध्ये मिसळतात. नंतर रुग्णाचे सीरम ज्ञात पेशींमध्ये मिसळतात. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलेल्या माणसांच्या पेशी पहिल्या तपासणीत ‘ओ’ सारख्या दिसत, कारण ‘ए’ विरोधी आणि ‘बी’ विरोधी अशा कोणत्याही सीरमने त्यांचे पुंजके होत नसत. दुसऱ्या बाजूने मात्र वेगळेच दिसे. त्यांचे सीरम ‘ए’, ‘बी’ आणि ‘ओ’ या तिन्ही गटांच्या पेशींचे पुंजके करी. माणूस ‘ओ’ गटाचा असेल, तर त्याचे सीरम ‘ओ’ पेशींना हात लावणार नाही. येथे ते लावत होते.

११/
हा विसंवाद चूक म्हणून बाजूला सारणे सोपे होते. तसे न करता मुंबईच्या डॉक्टरांनी त्याचा पाठपुरावा केला आणि लंडनमधील तज्ज्ञांना सोबत घेतले. लॅन्सेटमधील टिपणावर रॉबर्ट रेस, रूथ सँगर, वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स यांची नावे आहेत. हे चौघेही लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये काम करत. मॉर्गन आणि वॉटकिन्स हे रक्तगटांच्या रेणूंची रासायनिक घडण उलगडत होते. मुंबईच्या या रक्ताने त्या रसायनशास्त्राला हवा असलेला दुवा पुरवला.

१२/
तो दुवा असा. तांबड्या पेशीवर आधी ‘एच’ नावाचा एक पाया बांधला जातो. त्यावर एक विशिष्ट शर्करा चढली की ‘ए’ गट होतो, दुसरी चढली की ‘बी’. काहीच चढले नाही, तर उघडा पाया राहतो. तोच ‘ओ’. म्हणजे ‘ओ’ गटाची पेशी कोरी नसते, तिच्यावर ‘एच’ भरपूर असतो. बॉम्बे रक्तगटाच्या माणसात हा पायाच बांधला जात नाही. साहजिकच त्याच्या शरीराला ‘एच’ परका वाटतो आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. जगातील जवळजवळ प्रत्येकाच्या तांबड्या पेशींवर ‘एच’ कमीअधिक प्रमाणात असतोच. त्यामुळे या माणसाला जवळजवळ कोणाचेच रक्त चालत नाही.

१३/
१९५५ मध्ये अमेरिकेत फिलिप लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील स्त्रीचे रक्त वरवर ‘ओ’ दिसे, पण तिने ‘बी’ गट आपल्या अपत्याला दिला होता. ‘बी’ चे जनुक तिच्याजवळ होते, फक्त त्याला उभे राहायला पाया नव्हता. हा गट अप्रभावी वारशाने येतो, म्हणजे आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक मिळाले तरच तो प्रकट होतो. नात्यात विवाह होणाऱ्या समाजांत तो अधिक आढळतो, याचे कारण हेच. भारतात साधारण दहा हजारांत एक, असा त्याच्या प्रमाणाचा अंदाज दिला जातो. युरोपात तो याहून कितीतरी विरळ आहे.

१४/
यातील धोका किती मोठा आहे, ते पाहावे. अशा माणसाची फक्त पेशींच्या बाजूने तपासणी झाली, तर कागदावर ‘ओ’ लिहिले जाईल. त्या भरवशावर ‘ओ’ गटाचे रक्त चढवले, तर त्याची प्रतिपिंडे त्या पेशी शरीराच्या आतच फोडून टाकतील आणि जीव जाऊ शकेल. घेणाऱ्याचे सीरम ‘ओ’ पेशींसमोर ठेवून पाहणे आणि क्रॉसमॅच करणे, हेच संरक्षण आहे. १९५७ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे रक्तगट संदर्भ केंद्र मुंबईत स्थापन झाले. भाटिया यांनी पुढे त्याची धुरा वाहिली. केईएमच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही त्याच केंद्राची वाढ होय.

१५/
रक्ताचा हा अभ्यास चालू असताना अवयवांच्या अभ्यासाची दिशा निराळी होती. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या रुग्णांवर काम करताना ग्लासगो येथे टॉमस गिब्सन आणि पीटर मेडावर यांनी एका स्त्रीला तिच्या भावाची त्वचा दोनदा लावून पाहिली. पहिल्या खेपेची त्वचा काही काळ टिकून गळली. दुसऱ्या खेपेची कितीतरी लवकर गळली. १९४३ च्या या निबंधाने सिद्ध केले, की शरीर परक्या ऊतीला ओळखते आणि ती ओळख जपून ठेवते. नाकारण्याची क्रिया ही स्मरणाचीही क्रिया आहे. मेडावर यांना मॅकफार्लेन बर्नेट यांच्यासह १९६० चे नोबेल मिळाले.

१६/
२३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिकचे मूत्रपिंड त्याचा जुळा भाऊ रिचर्ड याला बसवले. दोघे एकसारखे जुळे असल्याची खात्री आधी एकाची त्वचा दुसऱ्याला लावून करून घेतली होती. रिचर्ड आठ वर्षे जगला. पण एकसारखा जुळा भाऊ कितीजणांना असतो? बाकीच्यांसाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे शोधली गेली आणि १९६० च्या दशकात ॲझाथायोप्रिन व स्टेरॉइड यांच्या बळावर प्रत्यारोपणे वाढू लागली. त्या काळी भर पांढऱ्या पेशींवर होता. ऊती नाकारण्याचे काम मुख्यतः लिंफोसाइट नावाच्या पेशी करतात, हे प्रयोगांनी दाखवले होते. प्रतिपिंडांचा विचार मागे पडला होता.

१७/
तेवढ्यात शस्त्रक्रियागृहात एक चमत्कारिक दृश्य दिसू लागले. रक्तगट जुळलेला असे, जोडणी उत्तम झालेली असे. रक्तप्रवाह सुरू होताच मूत्रपिंड गुलाबी होई आणि मग काही मिनिटांत वा तासांत निळे पडून थंड होई. डेन्मार्कमधील फ्लेमिंग किसमेयर-निल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये याचे कारण मांडले. रुग्णाच्या रक्तात दात्याच्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडे आधीच होती. ती मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला चिकटली, त्यांनी ‘कॉम्प्लिमेंट’ ही रक्तातील विध्वंसक प्रथिनांची साखळी जागी केली आणि सूक्ष्म वाहिन्यांत गुठळ्या होऊन सारा अवयव बंद पडला. याला अतिशीघ्र अस्वीकार म्हणतात. तो सुरू झाला की कोणतेही औषध उपयोगी पडत नाही.

१८/
ही प्रतिपिंडे कशाविरुद्ध होती? याचे उत्तर १९५८ मध्ये तीन ठिकाणी आकार घेत होते. पॅरिसमध्ये जाँ दोसे यांना वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णांच्या सीरममध्ये इतरांच्या पांढऱ्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. लायडनमध्ये यॉन व्हान रूड आणि स्टॅनफर्डमध्ये रोझ पेन यांना तशीच प्रतिपिंडे गर्भवती झालेल्या स्त्रियांच्या सीरममध्ये सापडली. ज्या प्रतिजनांविरुद्ध ती होती, त्यांना पुढे ‘एचएलए’ हे नाव मिळाले. हे प्रतिजन शरीरातील बहुतेक पेशींवर असतात आणि त्यांचे प्रकार इतके आहेत, की दोन अनोळखी माणसांचे ते तंतोतंत जुळणे जवळजवळ अशक्य. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. दोसे हे १९८० च्या नोबेलचे एक मानकरी ठरले.

१९/
रक्तगटाची प्रतिपिंडे बाळपणी आपोआप होतात. एचएलए विरोधी प्रतिपिंडे मात्र मुख्यतः तीन प्रसंगांतून येतात: गर्भारपण, रक्त चढवणे आणि आधीचे प्रत्यारोपण. पोटातील बाळाचे निम्मे प्रतिजन वडिलांचे असतात. आईचे शरीर बाळ वाढवते आणि त्याच वेळी, काही स्त्रियांत, त्या निम्म्या प्रतिजनांविरुद्ध प्रतिपिंडेही तयार करते. बाळाला त्याचा सहसा उपद्रव होत नाही. जगभरातील प्रयोगशाळांनी एचएलएचे प्रकार ओळखण्यासाठी जी सीरम दीर्घकाळ वापरली, ती बहुतांशी अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांच्या रक्तातून मिळवलेली होती. या शास्त्राची पहिली उपकरणे अशा मातांनी पुरवली.

२०/
लॉस एंजेलिसमध्ये पॉल तेरासाकी यांनी १९६४ मध्ये एक सूक्ष्म चाचणी तयार केली. दात्याच्या लिंफोसाइट पेशी, रुग्णाचे अगदी थोडे सीरम आणि कॉम्प्लिमेंट एकत्र करायचे. पेशी मेल्या, तर प्रतिपिंडे आहेत. तेरासाकी आणि पटेल यांनी १९६९ मध्ये तिचा हिशेब मांडला. ज्या ३० प्रत्यारोपणांत ही चाचणी सकारात्मक होती, त्यांतील २४ मूत्रपिंडे तत्काळ निकामी झाली. ज्या १९५ प्रत्यारोपणांत ती नकारात्मक होती, त्यांत असे फक्त ८ वेळा घडले. यानंतर क्रॉसमॅच न करता मूत्रपिंड बसवणे हा अक्षम्य हलगर्जीपणा ठरू लागला.

२१/
ही चाचणी आणि परळची १९५२ ची तपासणी शेजारी ठेवून पाहावी. दोन्हींत एका बाजूला दात्याच्या पेशी आहेत आणि दुसऱ्या बाजूला घेणाऱ्याचे सीरम. दात्याच्या पेशीवरची खूण कितीही बिनचूक वाचली, तरी निम्माच प्रश्न सुटतो. ‘ओ’ हे लेबल पुरेसे मानले असते, तर बॉम्बे रक्तगटाचा माणूस दगावला असता. जुळलेला रक्तगट पुरेसा मानला, म्हणून त्या निळ्या पडलेल्या मूत्रपिंडांचे रुग्ण अवयवाला मुकले. रक्तपेढीला जी शिस्त आधीच ठाऊक होती, ती प्रत्यारोपणशास्त्राने साठ वर्षांनी स्वीकारली.

२२/
भारतातील प्रत्यारोपणाचे पहिले प्रयत्नही केईएमशीच जोडलेले आहेत. मे १९६५ मध्ये तिथे मृत दात्याचे मूत्रपिंड बसवण्याचा देशातील पहिला प्रयत्न झाला. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी प्रफुल्लकुमार सेन यांनी तिथेच हृदय बदलण्याची शस्त्रक्रिया केली. ख्रिस्तियन बर्नार्ड यांच्या केपटाउनमधील पहिल्या शस्त्रक्रियेला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. सेन यांचा रुग्ण काही तासांतच दगावला. त्यामागे अस्वीकार नव्हता, फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा वाढलेला दाब नव्या हृदयाला पेलला नाही. १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे यशस्वी प्रत्यारोपण झाले आणि देशात या उपचाराचा पाया घातला गेला.

२३/
इतिहास सरळ रेषेत पुढे गेला, असे नाही. १९७३ मध्ये गेरहार्ड ओपेल्झ आणि तेरासाकी यांना दिसले, की आधी रक्त चढवलेल्या रुग्णांत बसवलेले मूत्रपिंड अधिक टिकते. त्यामुळे काही वर्षे रुग्णांना प्रत्यारोपणापूर्वी मुद्दाम रक्त दिले जाई. त्यातून काहींत प्रतिपिंडे तयार होत आणि त्यांना जुळणारा दाताच मिळेनासा होई. १९८३ मध्ये अमेरिकेत सायक्लोस्पोरिनला मान्यता मिळाली. त्या औषधाने यशाचे प्रमाण इतके वाढवले, की ही प्रथा मागे पडली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस एरिथ्रोपोएटिन हे रक्तवाढीचे औषध आले आणि डायलिसिसवरील रुग्णांना वरचेवर रक्त चढवण्याची गरज घटली.

२४/
सायक्लोस्पोरिन लिंफोसाइटना आवरते. आधीपासून रक्तात फिरणाऱ्या प्रतिपिंडांवर त्याचा इलाज चालत नाही. १९९० च्या दशकाच्या आरंभी जर्मनीत हेल्मुट फॉइश्त यांनी दाखवले, की प्रतिपिंडांनी हल्ला केलेल्या मूत्रपिंडाच्या सूक्ष्म वाहिन्यांवर ‘सी-४-डी’ नावाचा कॉम्प्लिमेंटचा तुकडा चिकटून राहतो. हल्लेखोर निघून गेला, तरी त्याचा ठसा उरतो. प्रत्यारोपणानंतर कित्येक वर्षांनी नवी प्रतिपिंडे तयार होतात आणि अवयव हळूहळू झिजवतात, हेही स्पष्ट झाले. औषधांत खंड पडणे, हे त्याचे एक मोठे कारण आहे. परिस्थिती बरी वाटली म्हणून किंवा खर्च झेपत नाही म्हणून गोळ्या थांबवणाऱ्या रुग्णाला ही गोष्ट वेळीच सांगितली गेली पाहिजे.

२५/
महाराष्ट्रात या साऱ्याला कायद्याची चौकट ४ फेब्रुवारी १९९५ रोजी मिळाली. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा, १९९४ त्या दिवशी लागू झाला. अवयवविक्रीला बंदी आली आणि मेंदूमृत्यूला मान्यता मिळाली. २०११ च्या दुरुस्तीने अदलाबदलीचे प्रत्यारोपण कायद्यात आणले. एका पत्नीचे मूत्रपिंड तिच्या पतीला जुळत नाही, दुसऱ्या कुटुंबातही तसेच आहे. अशा वेळी दोन्ही दाते परस्परांच्या रुग्णाला मूत्रपिंड देऊ शकतात. रक्तगट किंवा प्रतिपिंडे आड येणाऱ्या कुटुंबांसाठी हा मोठा मार्ग आहे. रक्तातून प्रतिपिंडे गाळून काढण्याचे उपचारही आहेत, पण ते महाग आणि जोखमीचे आहेत.

२६/
या इतिहासाचा संबंध मोठ्या शहरांपुरता नाही. परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यातले चारठाणा इतिहासप्रेमींना ठाऊक आहे ते तेथील प्राचीन मंदिरांमुळे आणि पुष्करणीमुळे. तिथला अभ्यासक शिळेवरच्या खुणांवरून काळ ठरवतो. त्याच गावातील एखाद्या रुग्णाला मूत्रपिंडाची गरज पडली, तर मराठवाड्यासाठीचे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र छत्रपती संभाजीनगरात आहे. तिथवरच्या वाटेवर त्याला विचारले जाणारे प्रश्न इतिहासाचेच असतात. पूर्वी कधी रक्त चढवले होते का? किती बाळंतपणे झाली? गर्भपात झाला होता का? तालुक्याच्या दवाखान्यातील वीस वर्षांपूर्वीची रक्त चढवल्याची चिठ्ठी अशा वेळी ताम्रपटाइतकी मोलाची असते. ती हरवली असली, तरी सीरममध्ये त्या घटनेची नोंद राहिलेली असू शकते.

२७/
येथे या विषयातील सर्वांत अवघड गोष्ट समोर येते. भारतात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत स्त्रिया अधिक आहेत आणि घेणाऱ्यांत पुरुष अधिक. आई मुलाला देते, पत्नी पतीला देते. उलट दिशेने देण्याची वेळ आली, तर समाजाच्या रीतीबरोबर जीवशास्त्रही आड येते. पतीच्या प्रतिजनांविरुद्ध स्त्रीच्या रक्तात बाळंतपणांतून तयार झालेली प्रतिपिंडे असू शकतात. तेच प्रतिजन मुलांतही उतरलेले असतात. मग पती किंवा मुलगा मूत्रपिंड द्यायला तयार असूनही क्रॉसमॅच सकारात्मक येतो. ज्या घरासाठी तिने मुले वाढवली, त्याच घरातील कोणाचेही मूत्रपिंड तिला चालत नाही. अशा स्त्रीसाठी अदलाबदल किंवा मृत दात्याची प्रतीक्षा, एवढेच मार्ग उरतात. म्हणून मेंदूमृत व्यक्तीच्या अवयवदानाला कुटुंबाने दिलेली संमती तिच्यासारखीच्या वाट्याला येणे अतिशय महत्त्वाचे आहे.

२८/
बॉम्बे रक्तगटाच्या रुग्णाची अडचण याच जातीची, पण आणखी तीव्र आहे. ‘ए’, ‘बी’ आणि ‘एच’ या शर्करा केवळ तांबड्या पेशींवर नसतात, अवयवांच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरही असतात. त्यामुळे त्याच्या दृष्टीने जवळजवळ प्रत्येक मूत्रपिंड रक्तगटानेच विजोड ठरते आणि शस्त्रक्रियेत लागणारे रक्तही त्याच गटाचे मिळवावे लागते. अशा माणसाचा पहिला आधार त्याची सख्खी भावंडे असतात, कारण वारशाच्या नियमाने त्यांच्यापैकी एखाद्यात तोच गट असण्याची शक्यता चारात एक असते. एक बॉम्बे रक्तगटाचा माणूस सापडला, की त्याच्या सर्व भावंडांचे रक्त दोन्ही बाजूंनी तपासून नोंदवून ठेवणे, हे त्या कुटुंबासाठी करता येण्याजोगे सर्वांत उपयुक्त काम होय.